थांबणाऱ्याचं वेड

चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्याच्या हाताशी एक दोरी असते, किंवा बटण असतं. बोल्ट कमी आला, छिद्र जुळलं नाही, भलताच पार्ट हातात पडला, की त्यानं ती दोरी ओढायची. वरच्या बोर्डावर त्या स्टेशनचा दिवा पेटतो, सुपरवायझर धावत येतो आणि ठरलेल्या वेळात उलगडा झाला नाही तर लाइन थांबते. मागची गाडी थांबते, तिच्या मागची थांबते. एका बोटभर क्लिपसाठी सगळं शेड ठप्प होतं.

ती दोरी पहिल्यांदा ओढणं फार अवघड असतं. नव्या पोराच्या पोटात गोळा येतो. शेजारचा जुना माणूस हळूच सांगतो, "जाऊ दे रे, पुढच्या स्टेशनला बघतील." शहाणा पोरगा ऐकतो आणि गाडी पुढे सोडतो. वेडा पोरगा दोरी ओढतो. उमेदीची सगळी वर्षं मी या पट्ट्यात गुणवत्ता विभागात घालवली. आज मला त्या वेड्या पोराची स्तुती करायची आहे, आणि यातला शब्द न् शब्द मी मनापासून लिहितो आहे.

मूर्खांबद्दल लिहिण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणं सांगितली. तिकडे युरोपात इरॅस्मसनं मूर्खपणाची स्तुती गाणारं पुस्तक लिहिलं, ते 1511 मध्ये छापून आलं. समर्थांनी लक्षणं सांगितली ती माणसानं टाकून द्यावीत म्हणून. मी आज जी लक्षणं सांगणार आहे ती आपल्या मुलांनी उचलावीत म्हणून. आणि ती मला लाइनवर नव्हे, निगडीतल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर एका लॅपटॉपसमोर सर्वांत स्पष्ट दिसली.

एप्रिलमधली रात्र होती. आमच्या सोसायटीत पीजी म्हणून राहणारी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आणि तिच्या ग्रुपमधला एक मुलगा दारात उभे. "काका, तुम्हाला लेटेक येतं ना? उद्या रिपोर्ट सबमिट करायचाय आणि पीडीएफच होत नाहीये."

ज्यांचा लेटेकशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्डमध्ये आपण पान जसं दिसतं तसं सजवत जातो. लेटेकमध्ये साधा मजकूर लिहायचा, मधेमधे आज्ञा लिहायच्या आणि कंपाइल करायचं. पानं, समीकरणांचे क्रमांक, आकृत्यांची यादी, संदर्भ हे सगळं यंत्र जुळवतं. मूळ लेटेक अगदी सडपातळ असतं. रंग हवे असतील, तक्त्यात उभी घरं जोडायची असतील, एककं नीट छापायची असतील, तर त्या त्या कामाचं पॅकेज मागवावं लागतं. फाइलच्या डोक्यावर या मागण्यांची यादी असते, तिला प्रिअँबल म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर तो त्या रिपोर्टचा बीओएम, म्हणजे लागणाऱ्या पार्टची यादी. यादीतला एक पार्ट जरी स्टोअरमध्ये नसला तरी लेटेक काम थांबवतं आणि सांगतं की अमुक नावाची फाइल सापडली नाही.

मुलीचा प्रोजेक्ट चाकणच्या एका व्हेंडरकडे प्रेसवरची डाय बदलायला लागणारा वेळ कमी करण्याचा होता. वेळेचे तक्ते होते, आधीचा आणि नंतरचा क्रम दाखवणाऱ्या आकृत्या होत्या. त्या आकृत्या तिनं टिक्झनं काढल्या होत्या. टिक्झ म्हणजे चित्र हातानं न काढता आज्ञा लिहून काढण्याची सोय: अमुक ठिकाणी चौकट, तिथून तमुक ठिकाणी बाण. आकृत्यांचं काम तिनं ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर केलं होतं. आता सगळं एकत्र करायला घेतलं, तर या लॅपटॉपवर टेकस्टुडिओ या एडिटरच्या खालच्या चौकटीत लाल अक्षरांत एकच तक्रार: टिक्झ डॉट एसटीवाय ही फाइल सापडली नाही.

मुलगा हुशार होता. संध्याकाळपासून त्यानं काय काय केलं, ते मी विचारून घेतलं. प्रथम टिक्झ मागवणाऱ्या ओळीपुढे टक्क्याचं चिन्ह टाकलं, म्हणजे लेटेक ती ओळ वाचणारच नाही. तक्रार गेली खरी, पण टिक्झच्या प्रत्येक आज्ञेपाशी नवी तक्रार उभी राहिली. एकीच्या शंभर झाल्या आणि शंभराव्या चुकीला यंत्रानं हात टेकले. मग त्यानं पॅकेज मॅनेजर उघडून टिक्झ शोधलं. नावात टिक्झ असलेली डझनावारी पॅकेजेस समोर आली, त्यातली सात-आठ त्यानं एका संकेतस्थळावरून झिप फाइलींच्या रूपात उतरवून रिपोर्टच्या फोल्डरमध्ये ओतली. तक्रार तीच. इतका वेळ उजवीकडच्या खिडकीत पीडीएफ दिसत होती, म्हणून त्यांना वाटलं की थोडंफार तरी जमलंय. तीच पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन आकुर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात चार प्रती काढल्या. घरी येऊन चाळल्या तर पाचवं प्रकरणच नव्हतं. कंपाइल पहिल्या पानाआधीच तुटलं की नवी पीडीएफ तयार होत नाही आणि फोल्डरमधली जुनी तशीच राहते. खिडकी तीच जुनी दाखवत होती. त्यांनी कालचा रिपोर्ट छापून आणला होता.

या सगळ्या वेळात मुलगी काय करत होती? तिनं सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा उतरलेला होता: "मी काहीच केलं नाही, काका. मी दुपारपासून त्या एकाच ओळीवर अडकलेय. मला ती कळतच नाहीये." ग्रुपमध्ये तिला सगळे हसले होते. बाकीचे धावत होते आणि ही एका ओळीपाशी बसून होती.

तीच माझी वेडी.

थांबणं हे वेड्याचं पहिलं लक्षण. जिथे पहिली गोष्ट चुकली तिथेच तो थांबतो, पुढच्या नव्व्याण्णव चुकांच्या मागे लागत नाही. लेटेकच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. पहिली तक्रार बहुतेक वेळा खरी असते आणि नंतरच्या बऱ्याचशा तिची पिलावळ असतात. म्हणून लॉग फाइल वरून खाली वाचायची, उद्गारचिन्हानं सुरू होणारी पहिली ओळ गाठायची आणि तिचा निकाल लागेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

थांबण्याची ही किंमत जपानमधल्या एका माणसानं मागावर ओळखली होती. साकिची तोयोदा यांच्या कारखान्यात 1924 मध्ये पूर्ण झालेला 'जी' जातीचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. साधा माग धागा तुटला तरी धडधडत राहायचा आणि वारभर खराब कापड विणून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात यायचं. तोयोदांच्या मागाचं सामर्थ्य या थांबण्यातही होतं. त्यांच्या घराण्यानं पुढे मोटारी बनवल्या आणि तीच शिकवण दोरीच्या रूपानं लाइनवर आली. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी शॉप फ्लोअरवर आज जिदोका (चूक दिसताच थांबणं), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) हे जपानी शब्द भोसरीच्या टपरीवर चहा मागावा तितक्या सहज उच्चारले जातात. टेक आणि लेटेक हा त्याच जातीचा माग आहे. सुटा धागा दिसला की तो अडतो. आपण त्याच्यावर चिडतो, पण खराब कापड विणायला तो नकार देतो हाच त्याचा उपकार आहे.

या मागाचा जन्मही एका थांबण्यातूनच झाला. अमेरिकेत स्टॅनफर्डला डोनाल्ड क्नूथ हे प्राध्यापक संगणकशास्त्रावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथमालेवर काम करत होते. 1977 मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हातात आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर जुळवलेली होती, ही नव्या फोटो-टाइपसेटिंगची. अक्षरं त्यांना इतकी खटकली की ग्रंथ बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला बसले. वर्षभरात होईल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. आपल्या क्षेत्रात शिखरावर असलेल्या माणसानं अक्षरांमधल्या मोकळ्या जागेसाठी दहा वर्षं मोजणं हा जगाच्या हिशेबानं शुद्ध वेडेपणा. त्यातून टेक निघालं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक उभं केलं. आज जगभरचं गणित आणि पदार्थविज्ञान मोठ्या प्रमाणावर त्यातच लिहिलं जातं. क्नूथ यांनी टेकमधली चूक दाखवणाऱ्याला 2 डॉलर 56 सेंटपासून पुढे वाढत जाणाऱ्या रकमेचा धनादेश द्यायची प्रथा ठेवली आणि टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक π (पाय) या संख्येच्या किमतीकडे एकेका अंकानं सरकत नेला. थांबणारा माणूस काय उभं करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

वाचणं हे दुसरं लक्षण. वेडा समोरचा शब्द जसा लिहिलाय तसा वाचतो. शहाणा अंदाज बांधतो. टिक्झची फाइल नाही म्हटल्यावर टिक्झ नावाचं पॅकेज नसेल, असा मुलानं अंदाज बांधला. पण यंत्रानं पॅकेजचं नाव सांगितलंच नव्हतं, फाइलचं सांगितलं होतं. आणि फाइल एका नावाची, पॅकेज दुसऱ्या नावाचं, हे लेटेकमध्ये जागोजाग आहे. टिक्झची फाइल पीजीएफ नावाच्या पॅकेजात असते. चित्रं घालण्याची ग्राफिक्सएक्स ही फाइल ग्राफिक्स या पॅकेजात. पानामागून पान चालणाऱ्या तक्त्यांची लाँगटेबल ही फाइल टूल्स नावाच्या गठ्ठ्यात. अल्गोरिदम ही फाइल अल्गोरिदम्स या पॅकेजात, एका 'एस'चा फरक. आमच्या स्टोअरमध्येही हेच असतं. ड्रॉइंगवर पार्टचं नाव एक आणि ज्या खोक्यातून तो येतो त्यावर नाव दुसरं. स्टोअरकीपर खोक्याचं नाव विचारतो, आपण पार्टचं सांगत राहतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतो. म्हणून पॅकेज मॅनेजरमध्ये फाइलच्या नावानं शोधण्याची सोय वापरायची. लेटेक लॅपटॉपवर बसवतात ते मिकटेक किंवा टेक लाइव्ह या संचांतून; दोन्हींच्या मॅनेजरमध्ये ती आहे.

शब्द जसाच्या तसा वाचण्यात लहान-मोठ्या अक्षरांचाही हिशेब येतो. दुसऱ्या एका मुलाची स्टाइल फाइल त्याच्या विंडोज लॅपटॉपवर बिनबोभाट चालायची, पण ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेकवर टाकली की 'फाइल सापडली नाही'. त्यानं इंटरनेटला दोष दिला, ब्राउजर बदलला. फाइलचं पहिलं अक्षर मोठं होतं आणि प्रिअँबलमध्ये लहान लिहिलेलं होतं. विंडोजला तो फरक दिसत नाही, ओव्हरलीफमागच्या लिनक्सला दिसतो. एका अक्षरासाठी त्याचा एक शनिवार गेला.

'का' विचारणं हे तिसरं लक्षण. लाइनवर आम्ही पाच वेळा 'का' विचारायला शिकवतो. त्या रात्री टेबलावर मी मुलीलाच विचारत गेलो आणि उत्तरं तिनंच दिली.

पीडीएफ का झाली नाही? कंपाइल मधेच तुटलं म्हणून. का तुटलं? टिक्झची फाइल नव्हती म्हणून. फाइल का नव्हती? पीजीएफ पॅकेज या लॅपटॉपवर नव्हतं म्हणून. मिकटेक तर लागेल ते पॅकेज आपणहून आणतं, मग त्यानं ते का आणलं नाही? ती इथे थांबली, सेटिंग उघडून बघितली. कमी पडलेली पॅकेजेस आपोआप आणायची का, या प्रश्नापुढे 'कधीच नाही' निवडलेलं होतं. ते कुणी आणि का निवडलं? हा लॅपटॉप गेल्या वर्षीच्या एका सीनियरकडून आला होता. कॉलेजच्या नेटवर्कवर प्रॉक्सीमुळे पॅकेज उतरताना मिकटेक लटकून राहायचं, म्हणून त्यानं ती सोयच बंद करून ठेवली होती. त्याच्यापुरता तो उपाय बरोबर होता. तो कुठेच लिहून ठेवला नाही, एवढीच त्याची चूक.

पाचव्या 'का'ला खरं कारण सापडलं. ते टिक्झमध्ये नव्हतं, मुलीच्या फाइलमध्येही नव्हतं, वर्षभरापूर्वी दाबलेल्या एका बटणात होतं. तिनं 'आधी विचारा' हा पर्याय निवडला. माझ्या घरच्या नेटवरून पीजीएफ आणलं, ते मागेल ती आणखी एक-दोन पॅकेजेस आणायला संमती दिली, मिकटेकची फाइलींची यादी ताजी केली. फोल्डरमध्ये ओतलेल्या सगळ्या आगंतुक फाइली काढून टाकल्या, कारण लेटेक आधी रिपोर्टच्याच फोल्डरमध्ये बघतं आणि तिथली जुनी प्रत नव्या पॅकेजला झाकून टाकते. आज निस्तरलेली चूक त्या फाइलींमुळे जूनमध्ये दुसऱ्याच रूपात उगवली असती. पुन्हा कंपाइल केलं. खालची चौकट शांत राहिली. प्रेसच्या डाय-बदलाच्या चौकटी आणि बाण पानावर उमटले, तेव्हा मुलगी खुर्चीतून अर्धवट उठली होती.

मग तिनं आणखी एक 'का' विचारला, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडला. "काका, या यादीत बावीस पॅकेजेस आहेत. ही सगळी कशाला लागतात?" टेम्पलेट सीनियरचं, त्याला ते त्याच्या सीनियरकडून आलेलं. आम्ही एकेक ओळ बंद करून पाहत गेलो, तेव्हा तिला खरोखर लागणारी नऊ निघाली. त्यात सबफिगर हे जुनं आणि त्याच्या जागी आलेलं सबफिग अशी दोन्ही मागवलेली होती, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. ज्या पार्टचं काम कुणाला सांगता येत नाही तो बीओएमवर का राहावा? कारखान्यात हा प्रश्न विचारायचा अधिकार मिळायला अनेकांना वर्षं लागतात. तिनं तो बाविसाव्या वर्षी, रात्री साडेअकरा वाजता विचारला.

हातातलं मोठं काम बाजूला ठेवून लहान करणं हे वेड्याचं चौथं लक्षण. ऐंशी पानांचा रिपोर्ट समोर असताना वेडा नवी फाइल उघडतो, तिच्यात दहाच ओळी लिहितो: एक संशयित पॅकेज, एक चौकट, एक बाण. सबमिशनच्या आदल्या रात्री दहा ओळींची फाइल लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण दहा ओळींत चूक आली तर ती पॅकेजची किंवा लॅपटॉपची आहे, आणि दहा ओळी चालल्या तर चूक आपल्या ऐंशी पानांतली आहे, एवढं दोन मिनिटांत कळतं. यंत्र बिघडलं की फिटर सगळं एकदम उघडत नाही, एक फ्यूज काढून बघतो. हीच ती पद्धत.

लिहून ठेवणं हे पाचवं लक्षण, आणि मला ते पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. लेटेकचं सगळं ऐश्वर्य अशा लिहून ठेवणाऱ्यांचं आहे. सीटॅन या सार्वजनिक भांडारात सहा हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि त्यातली बहुतेक कुणीतरी स्वतःची अडचण सोडवून इतरांसाठी ठेवलेली आहेत. त्या रात्री कमी पडलेलं पीजीएफ तरी कुठून आलं? टिल टांटाऊ या जर्मन संशोधकानं आपल्या पीएचडीच्या प्रबंधातल्या आकृत्यांसाठी केलेली ती एक छोटी स्टाइल फाइल होती. प्रबंधाच्या घाईत एक विद्यार्थी आकृत्यांपाशी थांबला, म्हणून निगडीतल्या विद्यार्थिनीच्या प्रेसच्या आकृत्या उमटल्या.

मराठीपुरतं बोलायचं तर हे ऋण अधिकच जवळचं आहे. देवनागरी टेकमध्ये यावी म्हणून फ्रान्स वेल्टहाउस यांनी 1991 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फाँट आणि रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणारी व्यवस्था केली. पुढे युनिकोड आलं, ते थेट वाचणारं झीटेक आलं, आणि आता आपण मराठी मजकूर थेट देवनागरीत टंकून लेटेकमध्ये छापू शकतो. आयआयटी मुंबईनं केलेला शोभिका हा मुक्त फाँट सीटॅनवर आहे, आणि त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून घेतलेली आहे. तोच फाँट आपल्या लॅपटॉपवर नसेल तर पुन्हा तीच तक्रार, फाँट सापडला नाही. आणि फाँट असूनही फाइल नेहमीच्या पीडीएफलेटेकनं कंपाइल केली, तर फाँट निवडणारं फाँटस्पेक पॅकेज स्पष्ट सांगतं की मला झीटेक किंवा लुआटेक हवं. ती ओळ वाचली की प्रश्न संपतो. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लेटेकचे धडे आहेत, ज्याला शिकायचंय त्यानं तिथून सुरुवात करावी.

चाकणहून जवळच आळंदी आहे. शिफ्ट सुटल्यावर मी अधूनमधून तिकडे जातो, आणि इंद्रायणीच्या घाटावर बसलं की मला संत एकनाथ आठवतात. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सांगून झाली. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांवर नकला होत गेल्या, शब्द गळले, भलते शब्द शिरले, आणि पाठ करणारे ते तसेच म्हणत राहिले. एकनाथ महाराज त्या अपपाठांपाशी थांबले. प्रती गोळा केल्या, ओवी ओवी ताडून पाहिली आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कुणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं. लेटेकच्या परवान्यातही हाच विवेक आहे: फाइल बदला, पण बदललेली फाइल मूळची म्हणून पुढे देऊ नका. सीनियरच्या लॅपटॉपवरचं ते बटण आणि टेम्पलेटमधली ती बावीस पॅकेजेस म्हणजे आपल्या काळातले अपपाठ. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, न विचारता जात राहिलेले.

ही पाच लक्षणं ज्याच्यात आहेत त्याला आपल्याकडे संथ म्हणतात, अडेल म्हणतात, "याला साधं कळत नाही" म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीत त्याला वेगाबद्दल विचारतात, थांबण्याबद्दल कुणी विचारत नाही. आमच्या पट्ट्यात तर धावण्याचाच मान आहे. पुणे-नाशिक हायवेवर पहाटेपासून बसेस धावतात, महिन्याच्या अखेरीला डिस्पॅच धावतो, पोरं पळत येतात, पळत जातात. पण या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ब्रेकवर जो आपण निर्धास्त पाय ठेवतो, तो कुठल्या तरी स्टेशनवर कुणीतरी थांबून टॉर्क पुन्हा तपासला म्हणून.

मुलीनं दुसऱ्या दिवशी रिपोर्ट जमा केला. आठवड्यानं ती पेढे घेऊन आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता. ज्युनिअरना द्यायच्या फोल्डरमध्ये ठेवण्यासाठी तिनं तो टाइप केला होता, मला दाखवायला आणला. त्यावर पाच ओळी होत्या. पहिली लाल ओळ आधी वाचा. फाइलचं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं असू शकतं, फाइलनं शोधा. आपोआप पॅकेज आणायची सोय चालू आहे का बघा, कॉलेजच्या नेटवर चालणार नाही, घरून करा. कुठल्याही स्थळावरून एसटीवाय फाइल उचलून फोल्डरमध्ये टाकू नका. छापायला देण्याआधी पीडीएफची तारीख आणि वेळ बघा.

मी त्यात एकच ओळ सुचवली: टेक लाइव्ह वापरत असाल तर वर्ष बघा, जुन्या वर्षाच्या प्रतीला नव्या वर्षाच्या भांडारातून पॅकेज मिळत नाही, त्या वर्षाचं जपून ठेवलेलं भांडार वापरा. ती तिनं सहावी म्हणून लिहून घेतली.

शिक्षकांना, सुपरवायझरना आणि घरोघरच्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कुणासमोर एखादं पोर येऊन म्हणेल, "मी एका ओळीवर अडकलोय, मला ती कळत नाहीये." त्याला "तेवढं सोड आणि पुढे जा" असं सांगू नका. खुर्ची ओढा, शेजारी बसा आणि ती ओळ त्याच्याबरोबर मोठ्यानं वाचा.